बाबा औषध बंद करायचं म्हणताहेत

पत्र:

डॉक्टर, माझे बाबा 68 वर्षांचे आहेत. आयुष्यभर हिशेब तपासायची नोकरी केली, विडी-सिगारेट कधी ओढली नाही. अडीच वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला. दमा म्हणून पंप दिले, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, काही फरक पडला नाही. मग जिना चढताना धाप लागायला लागली. सहा महिन्यांपूर्वी सीटी स्कॅन झाला आणि आयपीएफचं, म्हणजे इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस या फुफ्फुसाच्या आजाराचं, निदान झालं. रिपोर्टवर ‘प्रोबेबल यूआयपी’ असं लिहिलंय, म्हणजे फुफ्फुसातल्या वणांची ठेवण बहुधा आयपीएफमध्ये दिसते तशी आहे. त्यावरचं निन्टेडानिब हे औषध सुरू होऊन पाच महिने झाले. बाबा शिस्तीचे आहेत, सकाळी उठल्याबरोबर पहिली कॅप्सूल घेतात, रात्री झोपताना दुसरी. पण दिवसातून चार-पाच वेळा जुलाब होतात, चार किलो वजन उतरलंय आणि खोकला जसाच्या तसा आहे. फुंकायच्या तपासणीत एफव्हीसी 2.41 लिटर होती, ती 2.36 झाली. “पाच महिने औषध खाऊन आकडा खालीच गेला, मग घ्यायचं कशाला?” असं ते विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. एक डॉक्टर म्हणतात बायोप्सी करा, दुसरे म्हणतात गरज नाही. दादाच्या मित्राचे वडील फायब्रोसिसमधून स्टेरॉइडवर बरे झाले, म्हणून दादा स्टेरॉइडचा आग्रह धरतोय. शिवाय रोज नव्या औषधाची नाहीतर स्टेम सेलची बातमी पाठवतो. बाबा हल्ली गॅलरीतल्या खुर्चीतून फारसे उठत नाहीत. निवृत्तीनंतर तिथे कबुतरांना दाणे टाकायचा नाद लागलाय, तेवढाच त्यांचा विरंगुळा. आम्ही काय करावं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी तातडीचं सांगतो. तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कॅप्सूल बंद करू नका. आणि बाबांना आजपासून गॅलरीत बसू देऊ नका. दुसरी गोष्ट वाचून नवल वाटेल, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. त्याकडे मी येतोच. त्याआधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण प्रश्न अगदी रास्त आहे आणि हिशेबनिसाने विचारलेला आहे. त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं.

फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात वण धरणं. हवेच्या बारीक फुग्यांच्या भिंती एरवी इतक्या पातळ असतात की प्राणवायू सहज रक्तात उतरतो. त्या भिंतींमध्ये वणाचे धागे साचत गेले की फुफ्फुस कडक होतं, आकसतं आणि श्वास आखूड होतो. एकदा धरलेला वण विरघळवणारं औषध आज आपल्याकडे नाही. निन्टेडानिब नवे वण धरण्याचा वेग कमी करतं. त्यामुळे हे औषध घेणाऱ्याला ‘बरं वाटत’ नाही. तापाची गोळी घेतल्यावर दोन तासांत अंग हलकं होतं, तसा अनुभव या औषधात येणारच नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी समजावून सांगितलं नाही, तर पाच महिन्यांनी माणूस वैतागणारच.

आता आकडे बघू. एफव्हीसी म्हणजे छाती पूर्ण भरून जोराने फुंकल्यावर बाहेर पडलेली एकूण हवा. 2014 साली निन्टेडानिबच्या दोन मोठ्या चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. दोन्ही मिळून हजारावर रुग्ण होते आणि त्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. ज्यांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल दिली होती, त्यांची एफव्हीसी वर्षभरात सुमारे 207 ते 240 मिलिलिटरने घटली. निन्टेडानिब घेणाऱ्यांची सुमारे 114 मिलिलिटरने घटली. म्हणजे औषध घेऊनही आकडा खाली गेला, पण जवळजवळ निम्म्या वेगाने. बाबांचा आकडा पाच महिन्यांत 50 मिलिलिटरने उतरला. वर्षाचा हिशेब काढला तर 120 च्या आसपास येतो, म्हणजे चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या जवळपास. अर्थात या एका फरकावर फार विसंबू नका. त्याच माणसाने त्याच दिवशी दोनदा फुंकलं तरी 50 मिलिलिटरचा फरक सहज पडतो. खरा कल कळायला तीन-चार महिन्यांच्या अंतराने केलेल्या तपासण्यांची रांग लागते आणि त्यासोबत डीएलसीओ ही वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी तपासणी लागते.

मी रुग्णांना रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला दोन रेघा काढून दाखवतो. दोन्ही एकाच बिंदूपासून निघतात, एक उभ्या उतारावरून घसरते, दुसरी तिरकी उतरते. रुग्ण आजच्या स्वतःची तुलना पाच महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी करतो, त्यामुळे त्याला दोन्ही रेघा खालीच जाताना दिसतात. औषधाची तुलना मात्र औषध न घेतलेल्या त्याच माणसाशी करायची असते, आणि तो माणूस कुणालाच दिसत नाही. तो दिसावा म्हणून तर अशा चाचण्या करतात. बाबांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसा. आयुष्यभर ताळेबंद बघितलेल्या माणसाला हे पटकन कळेल.

आता जुलाबांकडे येऊ. इथे सुधारायला बरीच जागा आहे. निन्टेडानिब जेवणासोबत घ्यायचं असतं. बाबा सकाळची कॅप्सूल उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी घेताहेत आणि रात्रीची झोपताना. ती भरल्या पोटी, साधारण बारा तासांच्या अंतराने घेऊन बघा. चुकलेली कॅप्सूल नंतर दुप्पट घेऊन भरून काढायची नाही. या औषधाने जुलाब होणं अगदी नेहमीचं आहे. त्या चाचण्यांत दहातल्या सहा जणांना झाले होते, पण त्यापायी औषध कायमचं सोडावं लागलेले शंभरात पाचही नव्हते. कारण मधे वाटा असतात. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टर लिहून देतात. 150 मिलिग्रॅमची मात्रा 100 वर आणता येते. काही दिवस औषध थांबवून पुन्हा सुरू करता येतं. यातलं काहीच न करता पाच महिने बाबांनी निमूट सोसलंय, ही गोष्ट मला फार लागली. शिस्तीची माणसं डॉक्टरांसमोर “चाललंय” म्हणून मोकळी होतात. पुढच्या भेटीला दिवसागणिक जुलाब किती आणि आठवड्याचं वजन किती याचा कागद तुम्ही स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. चार किलो ही छोटी गोष्ट नाही, या आजारात वजन उतरणं वाईटच. यकृताची रक्ततपासणी वेळच्या वेळी होते आहे ना, तेही विचारा. आणि सगळं करूनही निन्टेडानिब झेपलं नाही, तर वण धरण्याचा वेग कमी करणारं पिरफेनिडोन हे दुसरं औषध आहे. त्याचीही मोठी चाचणी 2014 सालचीच. त्याने पोट बिघडण्यापेक्षा मळमळ होते आणि उन्हात त्वचेवर पुरळ उठतं.

आता कबुतरं.

पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि पिसांवरच्या भुकटीत प्रथिनं असतात. ती रोज श्वासातून आत गेली की काही जणांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चवताळते आणि ती झुंज फुफ्फुसात चालते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. वर्षानुवर्षं तो चालू राहिला की फुफ्फुसात वण धरतात आणि शेवटी सीटीवर चित्र आयपीएफसारखंच दिसू शकतं. आयपीएफमधल्या ‘आय’चा अर्थच मुळी ‘कारण न सापडलेला’ असा आहे. तेव्हा कारण नीट शोधल्याखेरीज ते अक्षर लावता येत नाही. बाबांना कुणी विचारलं होतं का, की घरात पक्षी आहेत का, भिंतींना ओल आहे का, बुरशी आहे का, उशीत-रजईत पिसं आहेत का, धुळीच्या कामाशी संबंध आला का, हृदयासाठी अमिओडॅरोन किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी नायट्रोफुरॅन्टॉइन दीर्घकाळ घेतलं का, सकाळी सांधे आखडतात का? बहुतेक नसावं. एरवी कबुतरं तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींत आली नसती.

बाबांना हाच आजार आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण ही शक्यता खोडून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे नक्की. आणि खोकला आधी की कबुतरं आधी, हे बाबांना विचारून तारखांसकट लिहून ठेवा.

एक छोटीशी तपासणी फार काही सांगून जाते. पाठीवर, बरगड्यांच्या तळाशी स्टेथोस्कोप टेकवून खोल श्वास घ्यायला सांगायचं. फायब्रोसिस असेल तर श्वास आत घेताना, शेवटाशेवटाला वेल्क्रोची पट्टी हळूहळू उचकटावी तसा आवाज येतो. दम्याची शिट्टी सहसा श्वास सोडताना वाजते, ही त्याच्या उलट. वेल्क्रोचा आवाज कानाने ओळखता आला तर पंपांवर वर्षं जात नाहीत. तुमची दोन गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि वेल्क्रोच्या जोडीला श्वास घेतानाच अधूनमधून बारीक ‘चिक्’ असा आवाज आला, तर मी पक्ष्यांबद्दल दुसऱ्यांदा विचारतो.

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसच्या निदानासाठी 2020 साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत तीन गोष्टी एकत्र बघायला सांगितलंय: संपर्काचा इतिहास, सीटीचं चित्र आणि दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यातल्या पेशी. सीटी श्वास पूर्ण सोडलेल्या अवस्थेतही काढावा लागतो, कारण काही भागांत हवा अडकून राहिली आहे का हे तेव्हाच दिसतं. बाबांचा तसा काढलाय का, ते रिपोर्टमध्ये बघा. धुतलेल्या पाण्यात लिम्फोसाइट पेशी खूप जास्त निघाल्या तर पारडं या आजाराकडे झुकतं. कबुतरांविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणीही असते. ती संपर्क झाल्याचं सांगते, आजार असल्याचं नाही. पुष्कळ निरोगी कबुतरपाळ्यांच्या रक्तातही ती प्रतिपिंडं सापडतात.

म्हणूनच बायोप्सीबद्दल तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं समजून घेता येतं. 2022 च्या सुधारित सूचनांनुसार सीटीवर ‘प्रोबेबल यूआयपी’ असेल आणि बाकीचं चित्र आयपीएफचंच असेल, तर बायोप्सीची गरज सहसा नसते. दुसरे डॉक्टर त्या अर्थी बरोबर. पण कबुतरं धरली तर ‘बाकीचं चित्र’ बदलतं. तरीही मी लगेच शस्त्रक्रियेकडे धावणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, ठरवून केलेल्या फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेतल्या बायोप्सीनंतर रुग्णालयातच दगावणाऱ्यांचं प्रमाण 1.7 टक्के होतं आणि घाईने केलेल्या बायोप्सीनंतर 16 टक्के. अलीकडे दुर्बिणीतून अतिथंड टोकाने तुकडा गोठवून काढायची क्रायोबायोप्सी आली आहे. ऑस्ट्रेलियात 65 रुग्णांवर दोन्ही पद्धती करून बघितल्या, तेव्हा तज्ज्ञांच्या एकत्रित चर्चेत सुमारे 77 टक्के रुग्णांच्या बाबतीत निदान सारखंच निघालं. 2022 च्या सूचनांनी, अनुभवी हात असतील तिथे, ती पर्याय म्हणून मान्य केली आहे. रक्तस्राव आणि फुफ्फुसाबाहेर हवा साठणं हे धोके तिच्यातही आहेतच.

या सगळ्याआधी एक मागणी करा. छातीविकारतज्ज्ञ, सीटी वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि गरज पडली तर सांधेविकारतज्ज्ञ, यांनी एकत्र बसून बाबांची केस बघावी. या आजारांत निदानाची सगळ्यात भरवशाची पद्धत आज तीच मानली जाते. मोठ्या केंद्रांत अशा बैठका ठरलेल्या असतात आणि सीटीच्या फाइली पाठवूनही मत मिळतं. तुमचे दोन डॉक्टर वेगवेगळं बोलताहेत ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून. कबुतरांची गोष्ट मात्र दोघांच्याही कानावर गेलेली नाही.

मधल्या काळात निन्टेडानिबचं काय, असं तुमच्या मनात येईलच. ते चालू ठेवायचंच. 2019 मध्ये आयपीएफ नसलेल्या, पण वण वाढत जाणाऱ्या 663 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. त्यांतले जवळपास चौथाई हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचेच होते. तिथेही घट 188 मिलिलिटरवरून 81 वर आली. निदान बदललं तरी औषध वाया जाणार नाही.

कबुतरांना दाणे टाकणं थांबवा, गॅलरीला जाळी लावा. विष्ठा ओली करून मगच काढा, कोरडी झाडू नका, आणि ते काम बाबांनी करायचं नाही, त्या दिवशी घरातही थांबायचं नाही. गॅलरीतली खुर्ची, गाद्या, पडदे धुवा. पक्षी गेल्यावरही ती प्रथिनं घरात महिनोन्महिने राहतात. बाबांना याचं दुःख होईल, ते हलक्यात घेऊ नका. निवृत्त माणसाची वाट बघणारं कुणीतरी रोज कठड्यावर येऊन बसतं, ते असं एका दिवसात तोडायचं आहे. कारण त्यांना स्वतः सांगा, जाळी गुपचूप लावू नका.

आता दादा. स्टेरॉइडचा त्यांचा आग्रह मी समजू शकतो. 2012 पूर्वी मीही आयपीएफच्या रुग्णांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्रिकूट देत होतो. तेव्हा तेच उत्तम मानलं जाई. मग त्याची रीतसर चाचणी झाली. 77 जणांना त्रिकूट दिलं, 78 जणांना दिखाऊ गोळ्या. त्रिकूट घेणाऱ्यांत 8 जण दगावले, दुसऱ्या गटात 1. रुग्णालयात भरती 23 विरुद्ध 7. चाचणीचा तो भाग मधेच थांबवावा लागला. तो निबंध वाचला त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर काही चेहरे आले, ते अजून येतात. तेव्हापासून “देऊन बघायला काय हरकत आहे” हे वाक्य मी या आजारात उच्चारत नाही. दादांच्या मित्राचे वडील बरे झाले असतील, त्यात खोटं काही नाही. पण ‘फायब्रोसिस’ या एका शब्दाखाली कितीतरी वेगळे आजार येतात आणि त्यांतले सूज जास्त असलेले काही स्टेरॉइडला छान दाद देतात. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्येही काही रुग्णांना ती दिली जातात. म्हणजे आधी निदान, मग स्टेरॉइडचा विचार.

नव्या औषधाची त्यांची बातमी मात्र खरी असू शकते. नेरँडोमिलास्ट नावाच्या गोळीच्या दोन चाचण्या 2025 मध्ये प्रसिद्ध झाल्या, प्रत्येकीत हजाराहून जास्त रुग्ण, एक आयपीएफसाठी आणि दुसरी इतर वाढत्या फायब्रोसिससाठी. आयपीएफच्या चाचणीत वर्षभरातली घट दिखाऊ गोळीवर 183 मिलिलिटर होती, जास्त मात्रेवर 115. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी आयपीएफसाठी ती मंजूर केली. दहा वर्षांनी या आजारात नवं औषध आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तीही वेग कमी करणारीच गोळी आहे, आणि निन्टेडानिबच्या जोडीला घेतली तर जुलाब वाढतात. बाबांचं पोट आधी ताळ्यावर आणा, मग डॉक्टरांशी हा विषय काढा.

दादांना एक सवय लावा. बातमी आली की ती कितव्या टप्प्याच्या चाचणीची आहे ते बघायचं. पामरेवलुमॅब हे औषध दुसऱ्या टप्प्यात 103 रुग्णांमध्ये इतकं छान वाटलं होतं की आम्ही सगळे आस लावून बसलो होतो. 2023 मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते निष्प्रभ ठरलं. स्टेम सेलबद्दल तर तेवढीही वाट बघायची गरज नाही. फायब्रोसिस थांबवल्याचा पुरावा त्यांच्याकडे नाही, आणि ‘संशोधन’ म्हणून जो रुग्णाकडूनच उपचाराचे पैसे मागतो, त्याच्या दारातून परत फिरा.

खोकल्यासाठी अलीकडे एक दिलासा सापडलाय. आयपीएफच्या 44 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मॉर्फिनच्या अगदी कमी मात्रेने, 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जागेपणीचा खोकला सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाला. चाचणी दोनच आठवड्यांची होती आणि हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. नाव ऐकून घाबरू नका, पण विचारा जरूर. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी राहिल्या असतील तर द्या. सहा मिनिटं चालायची तपासणी करून घ्या. बसल्याजागी 96 दाखवणारा ऑक्सिजन चालताना 85 वर येऊ शकतो, आणि तसं असेल तर चालताना ऑक्सिजन लावल्याने हिंडणं-फिरणं सोपं होऊ शकतं. खुर्ची सोडवण्यासाठी पल्मोनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे श्वसनाचा आणि स्नायूंचा देखरेखीखालचा व्यायाम, याची चौकशी या आठवड्यातच करा. आणि दम दोन-चार दिवसांत एकदम वाढला, ताप असो वा नसो, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आज रात्रीची कॅप्सूल जेवणासोबत द्या. मग बाबांच्या शेजारी बसून दोन रेघा काढा आणि त्यांनाच विचारा, कबुतरं पहिल्यांदा कधी आली ते. दोन आठवड्यांनी जुलाबांचा आणि वजनाचा कागद मला पाठवा, मी वाट बघतो.